हाल-इन-टिरोल: मिठाच्या आणि चांदीच्या गावात एक मुक्काम

आपल्याकडच्या युरोप सहलींच्या बसा ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या इन्सब्रुकचे सोनेरी छप्पर दाखवून झाले की वाटेन्सच्या स्वारोव्स्की स्फटिकदालनाकडे निघतात. वाटेत, इन्सब्रुकपासून साधारण १० किलोमीटरवर, डाव्या हाताला एक जाडजूड मनोरा दिसतो आणि मागे पडतो. तो मनोरा हालच्या टांकसाळीचा. मध्ययुगात या खोऱ्यातला पैसा इन्सब्रुकपेक्षा हालमध्ये जास्त खेळत असे, आणि इथले जुने गावठाण आजही इन्सब्रुकच्या गावठाणापेक्षा मोठे आहे. गर्दी मात्र त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

हाल दोन तासांत उरकता येते, पण मग ते कळत नाही. दोन रात्री आणि दीड दिवस द्या. तो दीड दिवस कोणत्या वारी येतो, यावर सहलीचे निम्मे यश ठरते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

वार आधी ठरवा, तारीख नंतर

शुक्रवारी संध्याकाळी पोहोचा आणि शनिवार पूर्ण ठेवा. शनिवारी सकाळी वरच्या चौकात, म्हणजे ओबेरर श्टाटप्लाट्झवर, शेतकऱ्यांचा बाजार भरतो. चीज, पाव, मध, भाज्या, फळांची दारू असा सगळा आसपासच्या खेड्यांतला माल असतो. दुपारी एकच्या सुमारास टेबले आवरायला लागतात. टांकसाळीचे संग्रहालय शनिवारी उघडे असते, चर्च उघडे असते, दुकाने दुपारपर्यंत तरी चालू असतात.

रविवारी दुकाने बंद. हे सगळ्या ऑस्ट्रियाचेच आहे. पाण्याची बाटली, औषध, दही-पाव जे लागेल ते शनिवारीच घेऊन ठेवावे, नाहीतर रेल्वे स्टेशन किंवा पेट्रोल पंपावरच्या महागड्या दुकानावर भिस्त राहते. सोमवारी टांकसाळ बंद असते, आणि सोमवारी येऊन परत गेलेले प्रवासी कमी नाहीत. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, तिचे दिवस आणखी कमी होतात. तेव्हा रविवारचाही भरवसा धरू नका. खानावळींचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस प्रत्येकीचा वेगळा. दारावर ‘रूहेटाग’ असे लिहून पुढे वार दिलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

ऋतूंपैकी मे-जून आणि सप्टेंबर उत्तम. जूनमध्ये रात्री नवाच्या पुढेही उजेड असतो, डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. अधूनमधून दक्षिणेकडून ‘फ्योन’ नावाचा कोरडा, उबदार वारा डोंगर ओलांडून खाली उतरतो. तो आला की हिवाळ्यातही अंगातला कोट काढावासा वाटतो, डोंगर अचानक हाताच्या अंतरावर आल्यासारखे दिसतात आणि अनेकांचे डोके दुखू लागते. अर्धशिशीचा त्रास असेल तर नेहमीची गोळी जवळ ठेवा.

व्हिसा आणि पोहोचण्याचा रस्ता

शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे. म्युनिकला उतरून टिरोलमध्ये चार रात्री आणि जर्मनीत दोन असा बेत असेल तर अर्ज ऑस्ट्रियाचा. हे उलटे झाले की अर्ज परत येतो किंवा नाकारला जातो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळी सुट्टीच्या भेटीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे मेमध्ये जाणाऱ्यांनी फेब्रुवारीतच हालचाल करावी. प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे, केंद्राचे सेवाशुल्क वेगळे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा.

मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे, आणि हालसाठी तेच सोयीचे. पुढचा प्रवास असा:

१. विमानतळावरून ‘एस ८’ ही लोकल धरा आणि मुख्य स्टेशनपर्यंत न जाता साधारण अर्ध्या तासावरच्या ऑस्टबानहोफला उतरा. ब्रेनर खिंडीकडे जाणाऱ्या युरोसिटी गाड्या तिथे थांबतात. सामान घेऊन शहराच्या मध्यात जायचे आणि पुन्हा त्याच वाटेने मागे यायचे, हे वाचते.

२. युरोसिटी इन्सब्रुकला सुमारे पावणेदोन तासांत पोहोचते. ती हालला थांबत नाही. इन्सब्रुकला उतरून एस-बान या लोकलने दहाएक मिनिटे उलट यायचे, किंवा तुमची गाडी येनबाखला थांबत असेल तर तिथेच उतरून लोकलने हाल गाठायचे. ऑस्ट्रियन रेल्वेच्या ॲपमध्ये दोन्ही पर्याय दिसतात.

३. स्वस्तातला मार्ग म्हणजे बायर्न तिकीट. हे एका दिवसाचे तिकीट बव्हेरियातल्या साध्या गाड्यांना चालते आणि सीमा ओलांडून कुफश्टाइनपर्यंत वैध असते. पुढे कुफश्टाइन ते हाल टिरोलचे स्थानिक तिकीट. चार-पाच जणांच्या कुटुंबाला हे फार परवडते. अटी दोनच: सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी ते चालत नाही आणि युरोसिटीत कधीच चालत नाही.

युरोसिटीची सवलतीची तिकिटे त्याच गाडीला बांधलेली असतात. विमान उशिरा आले आणि गाडी चुकली तर पैसे बुडाले. शेंगेनच्या सीमेवर आता बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तिथेही रांग लागते. उतरण्याची वेळ आणि गाडी यांत तीन तास तरी ठेवा.

तिकीट काढताना स्टेशनचे नाव पूर्ण टंका: हाल इन टिरोल. ऑस्ट्रियातच बाड हाल, हालश्टाट आणि हालाइन ही गावे आहेत, जर्मनीत श्वेबिश हाल आहे. बहुतेक मिठाशीच नाते असलेली, पण इथून बरीच लांब. हॉटेल आरक्षित करतानाही हीच चूक होते, आणि ती पैसे भरल्यावर लक्षात येते.

मुक्काम शक्यतो वरच्या गावठाणात घ्या. स्टेशनपासून पंधराएक मिनिटांची चाल आहे, पण चढाची, आणि फरसबंदी दगडी. छोट्या चाकांची मोठी बॅग या दगडांवर अडखळते, कधी चाकच निखळते. दोन लहान बॅगा किंवा पाठीवरची सॅक बरी. मालकांना आधी विचारून घ्या की लिफ्ट आहे का. पाचशे वर्षांच्या घरांत ती बऱ्याचदा नसते. पोहोचल्यावर पासपोर्ट दाखवून नोंदणीचा अर्ज भरावा लागतो आणि माणशी, रात्रीमागे थोडा स्थानिक कर वेगळा द्यावा लागतो. ती फसवणूक नव्हे. पाहुण्यांसाठीचे सवलतकार्ड असेल तर त्याच वेळी मागून घ्या, सगळेच जण आपणहून देत नाहीत.

चालायचे कसे: नदीकडून वर

हाल उतारावर वसले आहे. खाली इन नदी, वर चौक, त्याच्याही वर उत्तरेला हालटाल ही डोंगरातली घळ. गावाचे सगळे जुने व्यवहार या उतारावर मांडलेले आहेत. डोंगरातल्या खाणीत गोडे पाणी सोडायचे, मीठ विरघळले की ते खारे पाणी लाकडी नळांतून जवळपास दहा किलोमीटर खाली आणायचे आणि नदीकाठी प्रचंड लोखंडी कढयांत आटवायचे. खाणीच्या तोंडाशीच का आटवत नसत? कारण आटवायला लाकूड लागे, तेही जंगलेच्या जंगले. ते इन नदीतून वाहवत आणले जाई आणि हालजवळ नदीत आडव्या घातलेल्या लाकडी अडसराने अडवले जाई. पाणी खाली आणणे सोपे, लाकूड वर नेणे अशक्य; म्हणून शहर इथे. शिवाय नदीतली नौकावाहतूक वरच्या अंगाला हालपाशीच संपायची, त्यामुळे गोदामे, व्यापारी आणि जकातही इथेच. १३०३ मध्ये हालला नगराचे हक्क मिळाले ते या मिठाच्या जोरावर. गावच्या चिन्हात दोन सिंहांनी धरलेले मिठाचे पिंप आहे आणि शेजारची गावे हालकरांना आजही चेष्टेने ‘हालचे पिंप’ म्हणतात.

त्यामुळे वरच्या चौकातून सुरुवात करण्यापेक्षा खालून वर चढत जाणे शहाणपणाचे.

पहिला थांबा बुर्ग हासेग. स्टेशन आणि गावठाण यांच्या मधला हा किल्ला, मिठाच्या कढया आणि नदीवरची वाहतूक राखण्यासाठी बांधलेला. दहा वाजता दार उघडताच आत जा. आधी मनोऱ्यावर चढा: गोल जिना, दोनशेच्या आसपास पायऱ्या, काही ठिकाणी अरुंद. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालचे संग्रहालय बघावे, त्यात काही कमी नाही. वरून दक्षिणेला नदी, उत्तरेला गावाची चढती छपरे आणि मागे बेटेलवुर्फचा कडा दिसतो. वर लिहिलेला मिठाचा सगळा हिशेब इथून एका नजरेत उलगडतो.

खाली टांकसाळ. टिरोलचा शासक आर्चड्यूक सिगिस्मुंड याने १४७७ मध्ये मेरानची टांकसाळ हालला हलवली, कारण जवळच श्वात्समध्ये चांदीच्या मोठ्या खाणी सुरू झाल्या होत्या. १४८६ मध्ये इथे गुल्डिनर हे चांदीचे मोठे नाणे पाडले गेले. सोन्याच्या गुल्डनइतके मोल चांदीत बसवायचे म्हणून ते एवढे मोठे आणि जड; पुढे युरोपभर पसरलेल्या थालर नाण्यांचा हा पूर्वज. सोळाव्या शतकात टांकसाळ हासेगच्या किल्ल्यात आली आणि हातोड्याने छाप मारण्याऐवजी पाणचक्कीवर फिरणारे रूळ आले. दोन रुळांवर नाण्यांचे ठसे कोरायचे, मधून चांदीची पट्टी सरकवायची आणि उमटलेली नाणी नंतर कापून काढायची. या यंत्राची पूर्ण आकाराची चालती प्रतिकृती इथे आहे. रुळावरचे ठसे किंचित लंबगोल कोरलेले असतात, कारण पट्टी रुळातून जाताना ताणली जाते. कपाटातली त्या काळची नाणी बाजूने निरखून पाहा, काही जरा वाकलेली दिसतील. ती रुळाची खूण. १८०९ च्या उठावात टिरोली बंडखोरांचा नेता आंद्रेआस होफर याने पाडलेली वीस क्रॉयत्सरची नाणीही इथलीच, आणि त्याच वर्षी टांकसाळ बंद झाली. थोडे पैसे देऊन स्वतःच्या हाताने नाणे पाडता येते. मुले असतील तर हे शेवटी ठेवा, आधी केले की पुढचे काही बघत नाहीत.

टांकसाळ आणि मनोरा मिळून दोन तास धरा. इन्सब्रुक कार्ड घेतले असेल तर प्रवेश त्यात येतो. ते कार्ड इन्सब्रुकजवळच्या नोर्डकेटे डोंगराची रोपवे आणि स्वारोव्स्की दोन्ही करणाऱ्यांनाच फायद्याचे. फक्त हालसाठी घेऊ नये.

मग खालचा चौक. इथून आता वाहनांचा मोठा रस्ता जातो, म्हणून लोक नाक मुरडतात. पाच मिनिटे पुरेत. तिथून लांगर ग्राबेन हा चढ धरून वर निघा. चढताना घरांच्या वरच्या कडेकडे पाहा: अनेक घरांची भिंत सरळ रेघेत संपते, छप्पर दिसतच नाही. ते भिंतीमागे दडलेले असते, आतल्या बाजूला उतरणारे. १४४७ च्या मोठ्या आगीसारखे प्रसंग गावाने पाहिले होते. आग एका घरावरून दुसऱ्यावर उडी मारू नये म्हणून या भिंती छपराच्या वर नेल्या. पुढे आलेल्या बंद खिडक्यांना ‘एर्कर’ म्हणतात. गल्लीत वर-खाली कोण येते-जाते हे घरातून दिसावे, हा त्यांचा साधा उपयोग.

वरचा चौक हे हालचे हृदय. सेंट निकोलसचे चर्च आत जाऊन मधोमध उभे राहून बघा: समोरची वेदी आणि तुम्ही उभे आहात तो सभामंडप एका रेषेत नाहीत. चर्च टप्प्याटप्प्याने वाढवले, एका बाजूला जागा नव्हती, मग वाढ दुसऱ्या बाजूला गेली. १६७० च्या भूकंपात मनोरा पडला. आजचा कांद्याच्या आकाराचा कळस त्यानंतरचा. डावीकडे लोखंडी जाळीमागे वाल्डाउफ प्रार्थनागृह आहे. सम्राट मॅक्सिमिलियनचा सरदार फ्लोरियान वाल्डाउफ याने जमवलेले संतांचे अवशेष तिथे रांगेने मांडले आहेत: भरतकामाच्या वस्त्रांत गुंडाळलेल्या, मुकुट घातलेल्या कवट्या. लहान मुलांना आधी सांगून ठेवलेले बरे. हे प्रदर्शन नव्हे, पूजास्थान आहे. फ्लॅश नको, प्रार्थना चालू असेल तर फिरणे थांबवा. डोक्यावरची टोपी पुरुषांनी काढावी.

चर्चशेजारच्या माग्डालेना प्रार्थनागृहात पंधराव्या शतकातले भित्तिचित्र आहे, अंतिम न्यायनिवाड्याचे. समोरचे नगरभवन १४०६ मध्ये ड्यूक लिओपोल्डने गावाला दिले. त्याआधी ते राजघराण्याचे घर होते. कार्यालयीन वेळेत अंगण उघडे असते.

खाणकाम संग्रहालय फ्युर्श्टेनगासेत आहे आणि ते फक्त मार्गदर्शकासोबतच बघता येते. फेऱ्यांचे वार आणि वेळा मोजक्या असतात, तेव्हा पर्यटन कार्यालयात पोहोचल्याच दिवशी विचारा. तळघरात मिठाच्या खाणीचे बोगदे, लाकडी आधार आणि कामगारांची घसरगुंडी यांची रचना केली आहे. खरी खाण १९६७ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘हालच्या खाणीचे ताजे मीठ’ असे कोणी विकत असेल तर हसून पुढे जावे.

वेळ उरला तर दामेनश्टिफ्टच्या चौकात बसा. आर्चडचेस माग्डालेनाने सोळाव्या शतकात स्थापलेला हा उमराव स्त्रियांचा मठ सम्राट योसेफ दुसरा याने १७८३ मध्ये बंद केला. आज तिथे पुन्हा जोगिणी राहतात. हा भाग दुपारीही शांत असतो.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांचे

स्वयंपाकघरे साधारण साडेअकरा ते दोन आणि सहा ते नऊ चालतात. तीन वाजता भूक लागली तर केक आणि कॉफी, बास.

कासश्पात्सल्न हा शाकाहाऱ्यांचा आधार: पिठाचे छोटे गोळे, भरपूर चीज, वर तळलेला कांदा. पीठ अंड्यात भिजवलेले असते. श्लुत्सक्राप्फेन म्हणजे बटाटा-पालक भरलेल्या, लोण्यात परतलेल्या अर्धगोल करंज्या. कासप्रेसक्नोएडल म्हणजे चीज घालून चपटे तळलेले पावाचे गोळे. इथेच गफलत होते: हे गोळे बहुधा सूपमध्ये येतात आणि ते सूप गोमांसाच्या रश्श्याचे असते. यादीत शाकाहारीच्या खाली लिहिलेले असले तरी विचारा, आणि ‘मिट सालाट’, म्हणजे सूपऐवजी कोशिंबिरीसोबत मागवा. ग्रोएस्टल ही बटाट्याची भाजी दिसते, पण तिच्यात मांस असते. ‘श्पेक’ म्हणजे धुरावलेले डुकराचे मांस. ते कशावरही भुरभुरलेले सापडू शकते. लक्षात ठेवायची दोन वाक्ये: ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक, बिटे’ (मांस नको, श्पेक नको, कृपया) आणि ‘इस्ट दी झुपे मिट रिंड?’ (सूप गोमांसाचे आहे का?) जत्रेतला कियाखल हा मोठा पुरीसारखा पदार्थ कधी कधी डुकराच्या चरबीत तळतात, तेही विचारावे. काइझरश्मारन हा तुकडे केलेला गोड पॅनकेक, अंड्याचा, बेदाणे कधी कधी रममध्ये भिजवलेले. दोघांत एक पुरतो.

नळाचे पाणी डोंगरातले, बिनधास्त प्या. बाजारात आणि छोट्या खानावळींत रोख लागते. ४०-५० युरो सुटे जवळ हवेत. दुकानात शिरताना ‘ग्र्यूस गॉट’ म्हणायचे, निघताना ‘आउफ वीडरझेहेन’. न बोलता आत शिरून वस्तू हाताळणे इथे उद्धटपणा समजतात.

सण आणि चाली

तारखा दरवर्षी बदलतात, कारण बहुतेक ईस्टरवर अवलंबून असतात.

फासनाख्ट, म्हणजे इथला कार्निव्हल, जानेवारीच्या सुरुवातीपासून ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीच्या उपवासांच्या पहिल्या दिवसाच्या) आदल्या मंगळवारपर्यंत. २०२७ मध्ये तो मंगळवार ९ फेब्रुवारीला आहे. हालजवळच्या आब्साम, थाउर आणि रूम या खेड्यांत मुखवटेवाल्यांच्या टोळ्या खानावळींतून फिरतात. लोकरीच्या झुलींचा झोटलर, आरशांनी मढवलेले जड शिरोभूषण घातलेला श्पीगलटुक्सर, चेटकिणी, अस्वल आणि अस्वलवाला अशी पात्रे थंडी आणि वसंताचा झगडा नाचून दाखवतात. नाच संपला की मुखवटेवाला एखाद्याच्या खांद्यावर जोराने थाप मारतो. तो मान आहे. दचकू नका, रागावूही नका. मुखवट्याला हात लावणे किंवा आत कोण आहे हे विचारणे मात्र चालत नाही. मोठ्या मिरवणुका दरवर्षी प्रत्येक गावात नसतात, त्यामुळे त्या वर्षी कुठे आहे हे पर्यटन कार्यालयाकडून पक्के करा आणि त्या खानावळीत जागा आधीच राखून ठेवा.

जूनमध्ये हेर्त्स-येझू, येशूच्या पवित्र हृदयाचा रविवार. १७९६ मध्ये फ्रेंच सैन्य अंगावर येत असताना टिरोलने केलेल्या नवसाची ही आठवण. रात्री डोंगरकड्यांवर शेकडो आगी पेटतात. २०२७ मध्ये हा रविवार ६ जून. काही ठिकाणी आदल्या शनिवारीच पेटवतात, पाऊस असेल तर पुढे ढकलतात. नदीच्या दक्षिण काठावर उभे राहिले की उत्तरेकडची सगळी रांग दिसते. ५ डिसेंबरच्या आसपास संत निकोलस आणि त्याच्यासोबत शिंगवाले क्राम्पुस, म्हणजे राक्षसाचे सोंग घेतलेले मुखवटेवाले, येतात; मुलांना पुढच्या रांगेत उभे करू नका, आणि पांढरे कपडे नकोत, काजळी फासली जाते. डिसेंबरातला नाताळबाजार वरच्या चौकातच भरतो आणि इन्सब्रुकच्या मानाने बराच मोकळा असतो.

दुसरा अर्धा दिवस: हालटाल

रविवार सकाळ डोंगराला द्या. आब्सामपर्यंत बस, पुढे पायी. खाणीचा जुना रस्ता खासगी गाड्यांना बंद आहे आणि सुरुवातीपासूनच चांगला तीव्र. १,२८७ मीटर उंचीवरच्या सांक्ट माग्डालेनापर्यंत सवयीच्या माणसाला दोन तास, बाकीच्यांना अडीच ते तीन. तिथून मागे फिरलात तरी घळीचा अंदाज येतो. बूट घोट्यापर्यंतचे हवेत, अंगात पावसाळी जाकीट, आणि दुपारी ढग दाटायच्या आत खाली. पाट्यांवर लाल ठिपका मध्यम आणि काळा ठिपका अवघड वाटेचा. काळ्या वाटेवर सवय नसताना जाऊ नका. वसंतात हिमलोट आणि पावसानंतर दरड यांमुळे घळ बंद करतात. फाटकावर बंदीची पाटी असेल तर ती ओलांडून पुढे जाणारे स्थानिक दिसले तरी तुम्ही थांबा. डोंगरातल्या बचावासाठी १४० हा क्रमांक, एरवी ११२.

जर्मनीत परत शिरताना कुफश्टाइननंतर पोलीस अनेकदा गाडीत चढून कागद तपासतात. पासपोर्ट वरच्या फळीवरच्या बॅगेत नको, खिशात ठेवा.